जंगलाचा दाखला, शेतकऱ्याचा माथा

युरोपीय संघाने जंगलतोडीविरुद्धचा आपला कायदा डिसेंबर २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पुढे ढकलला. हा कायदा २९ जून २०२३ रोजी अस्तित्वात आला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष अंमल ३० डिसेंबर २०२४ पासून व्हावयाचा होता. तो मुहूर्त टळला. मग ३० डिसेंबर २०२५ हा दिवस ठरला, तोही टळला. आता मोठ्या व मध्यम व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि अगदी लहान व्यापाऱ्यांसाठी ३० जून २०२७ अशा तारखा मुक्रर झाल्या आहेत. आपल्याकडील निर्यातदारांना ह्या वार्तेने हायसे वाटले असल्यास त्यात नवल नाही. आम्हांला मात्र ह्यात आनंद मानण्याजोगे काही दिसत नाही. ज्यांनी पहिल्या तारखेवर विसंबून पदरचा पैसा खर्च केला ते मूर्ख ठरले आणि ज्यांनी काहीच केले नाही ते शहाणे ठरले, एवढाच धडा ह्या दोन मुदतवाढींनी जगाला दिला आहे.

कायद्याचा हेतू वाईट आहे असे कोणीही म्हणणार नाही. १९९० ते २०२० ह्या तीस वर्षांत पृथ्वीवरील सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल नाहीसे झाले, असा जागतिक अन्न व शेती संघटनेचा अंदाज आहे. ह्या नाशातील दहाव्या हिश्शाच्या आसपास वाटा आपल्या खाण्यापिण्याचा व वापराचा आहे, हे खुद्द युरोपीय संघानेच कबूल केले आहे. तेव्हा ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवर पिकलेला माल आम्ही आमच्या बाजारात येऊ देणार नाही, असे त्याने ठरविले. कॉफी, कोको, रबर, सोयाबीन, पामतेल, लाकूड आणि गुरांपासून मिळणारे मांस व कातडे ह्या सात वस्तू व त्यांच्यापासून बनणारे अनेक जिन्नस ह्या नियमाखाली येतात. गिऱ्हाइकाने आपल्या ताटात काय यावे हे ठरविण्याचा अधिकार मानला, की ह्या हेतूला विरोध करण्यास जागा उरत नाही. प्रश्न हेतूचा नसून पुराव्याचा आहे. तो पुरावा कोणी द्यावयाचा, कोणाच्या खर्चाने द्यावयाचा आणि दिल्यानंतर तो कोणाच्या मालकीचा राहावयाचा, ह्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या सोयीने लावून घेतले आहे.

कॉफीचेच उदाहरण घ्या. हँबुर्ग किंवा ट्रिएस्ट बंदरात हिरव्या कॉफीचे कंटेनर उतरवून घेणाऱ्या आयातदाराला, जकातीचा सोपस्कार होण्यापूर्वी, संघाच्या मध्यवर्ती संगणक-यंत्रणेत एक निवेदन दाखल करावे लागेल. माल कोणता, किती, कोणत्या देशातला, कोणत्या हंगामात पिकला, कोणाकडून घेतला, ह्या गोष्टी तर त्यात आल्याच. परंतु खरी मेख पुढे आहे. ती कॉफी ज्या ज्या शेतात पिकली, त्या प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश त्याला द्यावे लागतात. शेत ४ हेक्टरांपेक्षा मोठे असेल तर सबंध हद्दीचा नकाशा हवा. लहान असेल तर एक बिंदू पुरतो. शिवाय माल पिकविताना त्या देशातील जमिनीचे, मजुरीचे, पर्यावरणाचे कायदे पाळले गेले, ह्याचीही खात्री पटवावी लागते. निवेदनाला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाशिवाय माल बाजारात उतरत नाही, आणि सर्व कागद पाच वर्षे जपून ठेवावे लागतात. चुकले तर दंडाची कमाल मर्यादा वार्षिक उलाढालीच्या शेकडा ४ पेक्षा कमी ठेवता येणार नाही, असे कायदा सदस्य-राष्ट्रांना बजावतो.

हे सारे कागदावर सोपे दिसते. पण कॉफीचे पोते कसे भरते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यातील अडचण चटकन उमगेल. भारतातील कॉफी-उत्पादकांपैकी शेकड्यास ९८ हून अधिक लोकांची धारण १० हेक्टरांच्या आतली आहे. पुष्कळांची तर दोन-तीन एकरांचीच. कोडगू किंवा चिक्कमगळूर जिल्ह्यातील असा लहान बागाईतदार अंगणात फळे वाळवितो आणि गावच्या व्यापाऱ्याला पाच-दहा पोती घालतो. व्यापारी चाळीस जणांचा माल एकत्र करून कारखान्यात पाठवितो. तेथे टरफल निघते, दाण्याची प्रतवारी होते, आणि त्याच वेळी कोणता दाणा कोणाच्या शेतातला ही ओळख कायमची पुसली जाते. नवा कायदा म्हणतो, ही ओळख पुसता कामा नये. ठाऊक असलेल्या शेताचा माल ठाऊक नसलेल्या शेताच्या मालात मिसळला, की सगळाच संशयित. म्हणजे वेगळी पोती, वेगळी कोठारे, वेगळी वही. आणि एका खाचरातल्या चुकीपायी अख्खा कंटेनर अडण्याचे भय.

ह्या भयापोटी आयातदार काय करील? तो कायदा पाळील, ह्यात शंका नाही. पण आपल्याला सर्वांत सोपा पडेल अशा रीतीने पाळील. हजार शेतकऱ्यांचे हजार बिंदू गोळा करण्यापेक्षा दोन मोठ्या मळेवाल्यांचे दोन नकाशे घेणे त्याला परवडते. इथिओपियासारख्या, लहान शेतकऱ्यांच्या जिवावर कॉफी पिकविणाऱ्या देशांतून युरोपीय खरेदीदार हात आखडता घेऊ लागल्याच्या बातम्या २०२३ च्या अखेरीसच येऊ लागल्या होत्या. तेव्हा कायद्याच्या अंमलाला अजून वर्ष होते! ज्या शेतकऱ्याने कधी झाडाच्या फांदीला कुऱ्हाड लावली नाही, तोच केवळ त्याच्यापाशी कागद नाही म्हणून बाजाराबाहेर फेकला जातो. जंगल तोडणाऱ्यापाशी कागद करून घेण्याचे साधन बहुधा असतेच.

आमचा वाचक येथे विचारील, की कृष्णाकाठी कॉफी पिकते कोठे? महाराष्ट्रात कॉफीच्या बागा म्हटल्या की मेळघाटातल्या चिखलदऱ्याचे नाव निघते. साताऱ्या-सांगलीकडे ऊस, द्राक्षे, हळद. मग ही उठाठेव कशाला? हा प्रश्न रास्त आहे. परंतु कॉफीच्या शेतकऱ्यापुढे आज जे ताट वाढून ठेवले आहे, ते सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराने दोनदा चाखलेले आहे, आणि त्याची चव तासगाव-मिरजेकडे अद्याप कोणी विसरलेले नाही.

२००३ साली हॉलंडात उतरलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपभर धोक्याची घंटा वाजली. त्यातून द्राक्षबागांच्या नोंदणीची पद्धत उभी राहिली. शेतीमाल निर्यात प्राधिकरणाने, म्हणजे अपेडाने, २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ नावाची संगणकीय वही चालू केली. निर्यात करावयाची तर कृषी खात्याकडे बागेची नोंद करावयाची, बागेला क्रमांक मिळावयाचा, तोडणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस येऊन त्याच बागेतले घड तपासणीस न्यावयाचा, आणि डब्यावरच्या अंकांवरून रॉटरडॅमच्या दुकानदाराला तासगावची ती बाग शोधून काढता यावयाची. जंगलतोडीच्या कायद्यासाठी जगभर आज ज्या पद्धतीची तयारी चालली आहे, तिच्याशी पुष्कळ साम्य असलेली पद्धत आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी अंगवळणी पाडून घेतली, ही गोष्ट अभिमानाची आहे. मराठी शेतकऱ्याला कागद कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

परंतु ह्याच पद्धतीने २०१० साली त्याचा घातही केला. त्या हंगामात युरोपातील प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळले. हे वेलीची अवाजवी वाढ रोखणारे द्रव्य; बागाईतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. आपल्याकडे त्याचा वापर सर्रास होता. आपल्या तपासणीच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. सबब आपल्या प्रयोगशाळांनी ते तपासलेच नव्हते. बागेची नोंद होती, क्रमांक होता, तपासणीचा दाखला होता, सारे यथासांग होते. आणि तरीही कंटेनर परदेशी बंदरांत अडकून पडले. पुष्कळ बागाईतदारांनी माल विक्री होईल त्या भावाने पैसे, अशा बोलीवर दिलेला होता. त्यांच्या हाती पैशाऐवजी हिशेबाचा कागद पडला, आणि बँकेचे व औषधांच्या दुकानाचे देणे जागच्या जागी राहिले.

ह्या प्रसंगातून शिकण्यासारखी गोष्ट आमच्या मते अशी, की पुरावा देणारा एक आणि पुराव्याचे निकष ठरविणारे दुसरे असे असले, म्हणजे निकषांतील चुकीचे प्रायश्चित्त पुरावा देणाऱ्याला घ्यावे लागते. यादी शेतकऱ्याने केली नव्हती. यादीतील उणीव त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. औषध फवारण्याचा सल्लाही त्याला जाणत्यांनीच दिलेला होता. आयातदाराने माल नाकारला, निर्यातदाराने आयातदाराकडे बोट दाखविले, सरकारने प्रयोगशाळेकडे, आणि तोटा जिरला तो बांधावर.

कॉफीच्या बाबतीत निकषांचा असाच घोळ होण्याचा संभव आहे, आणि तो आजच दिसतो. अर्ध्या हेक्टरापेक्षा मोठी जमीन, पाच मीटरांहून उंच झाडे आणि त्यांच्या छत्रीखाली शेकडा दहापेक्षा अधिक क्षेत्र झाकलेले असले, म्हणजे ते जंगल, अशी युरोपीय कायद्याची व्याख्या आहे. प्रामुख्याने शेतीखाली असलेली जमीन तीतून वगळली आहे. भारतातील कॉफी उघड्या माळावर पिकत नाही. फणस, नांदरूक, सिल्व्हर ओक ह्यांच्या दाट सावलीत ती वाढते, मिरीचे वेल त्याच झाडांवर चढतात. आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला ती बाग आणि शेजारचे रान ह्यांत भेद करणे कठीण. उद्या बागाईतदाराने सावली विरळ करण्यासाठी चार झाडे उतरविली, की नकाशावर जंगल तुटल्याचा ठिपका उमटावयाचा. आणि ज्याने कॉफीसाठी जंगल राखले त्यालाच आपण जंगल तोडले नाही हे सिद्ध करीत बसावे लागावयाचे. ब्राझीलच्या उन्हातल्या, एका झाडाचीही सावली नसलेल्या जुन्या मळ्याला मात्र हा त्रास नाही.

आता त्या अक्षांश-रेखांशांविषयी. कायदा म्हणतो, दशांश चिन्हापुढे निदान सहा अंक द्या. शाळेत गणित शिकलेल्याने हिशेब करून पाहावा: सहावा अंक म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर, एका वितीपेक्षाही कमी. शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल झाडाखाली उभा राहून पाच-दहा मीटरांची चूक सहज करतो. वितीएवढी अचूकता मागावयाची आणि ती मोजण्याचे साधन फर्लांगभर लांबून नेम धरणाऱ्याच्या तोडीचे, ह्याला शिस्त म्हणावे की शिस्तीचा देखावा, हे युरोपीय संघातील विद्वानांनीच ठरवावे.

परंतु केवळ युरोपला नावे ठेवून आपली सुटका नाही. अक्षांश-रेखांश मिळाले तरी ती जमीन कोणाची हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे. कोडगूमध्ये जम्मा जमिनी पिढ्यानपिढ्या एकत्र कुटुंबाच्या मूळपुरुषाच्या नावे चालत आल्या. आपल्याकडेही गटाच्या एकाच सातबाऱ्यावर आठ-दहा नावे, त्यांतली निम्मी मयतांची, पोटहिस्सा मोजलेला नाही, वाटणी तोंडी झालेली, हे दृश्य काय अपूर्वाईचे आहे? भावाभावांत बांधावरून वाद नसेल तोवर कोणाचे अडत नाही. पण परदेशच्या खरेदीदाराने ‘तुमची हद्द दाखवा’ असे म्हटले, की मोजणीच्या अर्जासाठी भूमिअभिलेख कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी चालू आहे; शेतकरी आपल्याच गटात उभा राहून पिकाचे छायाचित्र जागेच्या खुणेसह सरकारच्या दप्तरी चढवितो. म्हणजे यंत्र आहे, दप्तर आहे, शेतकऱ्याला सवयही लागली आहे. ह्या नोंदीचा दाखला त्याला खरेदीदारापुढे टाकता येईल असा का मिळू नये, हे आम्हांला समजत नाही.

कॉफी मंडळाने आपल्या उत्पादकांच्या शेतांची अशी नोंद मोबाइलवरून करून घेण्यास आरंभ केला आहे. उपक्रम स्तुत्य आहे. पण आमची एक सूचना आहे, आणि ती द्राक्षाच्या अनुभवातून आलेली आहे. शेताची नोंद निर्यातदाराच्या कपाटात किंवा आयातदाराच्या संगणकात राहता कामा नये. तिची सही-शिक्क्याची प्रत शेतकऱ्याच्या पेटीत असली पाहिजे. नोंद ज्याच्या ताब्यात, सौदा त्याच्या ताब्यात. निर्यातदाराने स्वतःच्या खर्चाने शेते मोजून घेतली तर तो ती माहिती दुसऱ्या खरेदीदाराला देईल, हे संभवत नाही. आणि मग लहान उत्पादक त्याच एका दाराशी बांधला जातो. शिवाय युरोपीय संघाने मे २०२५ मध्ये भारताची गणना कमी धोक्याच्या देशांत केली आहे. त्यामुळे आयातदाराला धोक्याचे मोजमाप करण्याची खटपट माफ झाली, आणि दरसाल शंभरांतून एकाचीच तपासणी व्हावयाची आहे. त्याचा खर्च वाचला. तो वाचलेला पैसा कॉफीच्या भावात उतरला काय? शेताचे अक्षांश-रेखांश देण्याचे काम तर शेतकऱ्याच्या बाजूला होते तसेच राहिले.

कोणी म्हणेल, हे सारे गोऱ्यांचे ढोंग आहे. दोनशे वर्षे दुसऱ्यांची जंगले तोडून झाल्यावर आता ते आम्हांला शहाणपण शिकवितात. ह्या म्हणण्यात इतिहासाचे सत्य आहे. पण ते उच्चारण्यापूर्वी आपण आपल्या सह्याद्रीकडे पाहावे. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटातील ३९ स्थळे एकाच वेळी समाविष्ट झाली. त्यांत साताऱ्याचे कास व कोयना आहे, चांदोली आहे, आणि कोडगूतली तळकावेरी व ब्रह्मगिरीही आहे. ज्या डोंगराच्या एका खांद्यावर कॉफी पिकते त्याच्याच दुसऱ्या खांद्यावर आपले पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा हे तालुके आहेत. ह्या डोंगराच्या रक्षणासाठी गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये दुसरा दिला. त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले. ३१ जुलै २०२४ रोजी निघाला तो सहावा. युरोपने एक तारीख दोनदा पुढे ढकलली म्हणून आपण त्याला हसतो!

त्या सहा मसुद्यांच्या काळात घाटमाथ्यावर काय झाले, हे साताऱ्याहून बामणोलीला किंवा पाचगणीहून महाबळेश्वरला जाणाऱ्या कोणाही डोळस प्रवाशाला ठाऊक आहे. मालकी रानातली झाडे उतरली, डोंगराचे पोट कापून रस्ते गेले, रस्त्यांमागून बंगले आले. त्या बंगल्यात उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला, ‘ही जागा २०२० पूर्वी जंगल होती काय?’ असे विचारणारा कोणताही कायदा नाही. जळाऊ लाकडाचा ट्रक रात्री घाट उतरून खाली येतो, तेव्हा त्यावरच्या लाकडाचे अक्षांश-रेखांश कोणी मागत नाही. आणि कोयनेच्या धरणात ज्यांची गावे गेली, त्यांतल्या जे रानाच्या कडेला राहिले, त्यांना मात्र वनहक्काच्या कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या वहिवाटीचा पुरावा आणा म्हणून सांगितले जाते. पुरावा मागावयाचा तो दुबळ्याकडे, ही रीत ब्रुसेल्सने शोधून काढलेली नाही.

युरोपीय कायद्याच्या यादीत आज द्राक्षे नाहीत, बेदाणा नाही, हळद नाही, साखरही नाही. परंतु पुढे इतर पिकांचा व इतर प्रकारच्या भूमींचा विचार करावा, अशी तरतूद त्याच कायद्यात केलेली आहे. कॉफीवाल्यांना मिळालेली मुदत ही आपल्यालाही मिळालेली आहे असे समजून जिल्हा परिषदांनी, बाजार समित्यांनी आणि द्राक्षबागाईतदारांच्या संघाने तिचा उपयोग करावा. सांगली बाजार समितीत येणाऱ्या हळदीच्या व बेदाण्याच्या प्रत्येक वक्कलाबरोबर गट क्रमांकाची नोंद घेण्यास आजपासून सुरुवात करता येईल. त्यासाठी युरोपच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. निर्यातीच्या करारात, तपासणीच्या निकषांतील त्रुटीमुळे माल नाकारला गेल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे कलम लेखी असल्याखेरीज बागाईतदाराने माल तोडू देऊ नये. भूमिअभिलेख खात्याने निर्यातक्षम बागांच्या पोटहिश्शांची मोजणी आधी हातात घ्यावी, आणि तिची फी सरकारने सोसावी. खर्च फार नाही. २०१० च्या हंगामात बुडालेल्या पैशाशी तुलना केली तर नगण्यच ठरावा.

आणि सह्याद्रीच्या सहाव्या मसुद्याचे पुढे काय, हे विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सातारा-सांगलीच्या आमदारांनी सरकारला विचारावे. गावोगावच्या हरकती सरकारच्या दप्तरी दाखल आहेत. कोणत्या मान्य केल्या, कोणत्या फेटाळल्या आणि पाटण-शिराळ्यातील कोणती गावे यादीत राहिली, कोणती कोणाच्या शब्दाखातर वगळली, ह्याची गावनिहाय यादी त्यांनी सभागृहाच्या पटलावर मागून घ्यावी. ती आम्ही ह्याच पृष्ठावर छापू.